तारीख टाका, गाव लिहा

नव्यानं लिहायला लागलेल्या माणसाचा पहिला लेख बहुतेक ठरलेला असतो. "नमस्कार, मी अमुक. लहानपणापासून वाचनाची आवड. आता मनातलं लिहायचं ठरवलंय. दर रविवारी भेटू." दुसरा लेख पहिल्या पावसावर, तिसरा आईवर. चौथा येतच नाही. ओळखीतली, नात्यातली मुलं आणि अलीकडं नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीसुद्धा आपलं लिखाण मला वाचायला देतात, आणि त्या चौथ्या लेखाची वाट बघणं हा माझा नेहमीचा उद्योग झाला आहे. ज्यांचा चौथा आला, त्यांचा पुढं पन्नासावाही आला. म्हणून सुरुवातीलाच माणूस का थांबतो याचा मी फार विचार करते.

ओळखीचा लेख लिहूच नका, हे माझं पहिलं सांगणं. वाचणाऱ्याला तुमची ओळख नको असते, त्याला काहीतरी ऐकायचं असतं. तुम्ही सांगायला लागलात की तुम्ही कोण, कुठले, घरात काय बोललं जातं, हे त्याला चार परिच्छेदांत कळतंच. आणि ते "दर रविवारी भेटू"ही नको. एक रविवार लग्नात जातो, दुसरा तापात. मग लिहिणाऱ्याला लाज वाटायला लागते आणि ती लाजच पुढच्या लेखाच्या आड येते. वाचणाऱ्यानं वेळापत्रक मागितलेलंच नसतं.

दुसरा प्रश्न येतो तो "कशावर लिहू?" हा. इथं मला तासगावकडची एक मुलगी आठवते. सांगलीत कॉलेजला होती. तिनं आणलेला लेख एकटेपणावर होता. शुद्धलेखन चोख, शब्द वेचून घेतलेले. पण तोच लेख नागपूरच्या किंवा नाशिकच्या मुलीनं लिहिला असता तर त्यातलं एक अक्षर बदलावं लागलं नसतं. मी विचारलं, "सुट्टीला घरी गेलीस की दिवसभर काय करतेस?"

"काय न्हाई काकू, शेडवर असती. आमच्यात बेदाण्याचं शेड हाय. त्यात काय लिव्हायचं?"

आणि मग ती चहा निवेपर्यंत बोलत राहिली. तोडलेली द्राक्षं क्रेटमधनं येतात, ती लवकर वाळावीत म्हणून पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची. शेडमध्ये एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, त्यावर पसरायची. बाजूनं शेडनेट, वर प्लॅस्टिकचा कागद. ऊन आणि कोरडा वारा चांगला असला की साधारण पंधरवड्यात माल वाळतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा. मग झाडून काढणं, गंधकाची धुरी, निवडायला बसलेल्या बायका, प्रतवारी. धुरीचा वास केसांतून दोन-दोन दिवस जात नाही, हे तिनं बोटांनी वेणी नाकाशी नेत सांगितलं. फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळा काळ तिचे वडील आभाळाकडं बघून जेवतात. एका मार्चमध्ये रात्री अचानक वीज चमकायला लागली, तेव्हा सगळं घर शेडवर धावलं आणि अंधारात चारी बाजूंचे कागद सोडले. भिजलेला माल काळा पडतो आणि काळ्या मालाला दर नाही. सगळे कागद बांधून झाले तरी पाऊस आलाच नाही. बापलेक तिथंच बांधावर उजाडेपर्यंत बसून राहिले, एकमेकांशी एक शब्द न बोलता.

"हे लिही," मी म्हटलं. "तुझा एकटेपणा यात आहे."

तिला ते पटायला वेळ लागला, कारण जे रोजचं असतं ते लिहिण्यासारखं नसतं अशी आपली पक्की समजूत असते. नव्या माणसानं मोडायची असेल तर ही समजूत मोडावी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत राहणाऱ्या मुलाला पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात वाळत पडलेले दिसतात, त्याच्या लेखी तो रस्त्यातला अडथळा. जतच्या मुलीला टँकरची पाळी लावणं म्हणजे नुसता वैताग. वाळव्याकडच्या पोराला उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेली एस. टी. हा सांगण्याचा विषयच वाटत नाही. पण यातलं प्रत्येक, दुसऱ्या गावच्या वाचकानं पाहिलेलं नाही. मुंबईतल्या प्रेमभंगावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बेदाण्याच्या शेडवरच्या रात्रीवर कोणी लिहिलंय?

आता मी मला सगळ्यात जवळचं वाटतं त्या गोष्टीकडं येते. लेखात तारीख टाका. ठिकाण लिहा. माप लिहा.

सांगलीकराला हे पटवायला फार बोलावं लागू नये. पावसाळ्यात इथं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "आयर्विनला पाणी किती?" १९२९ साली बांधलेल्या या पुलावर कृष्णेची पातळी फुटात मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण त्याच्या कितीतरी आधी सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रोडकडची माणसं सामान आवरायला लागलेली असतात. कोयनेतून किती सोडलं, कराडच्या पुढं किती वाढलं, वारणा काय म्हणते, खालच्या अलमट्टी धरणातून कर्नाटक किती सोडतंय, हे भाजी विकणाऱ्या मावशींनाही तोंडपाठ असतं. आकड्याशी इतकं जवळचं नातं असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही.

असं असून, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या भागात काय झालं? २००५ ला पाणी आयर्विनला ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं. तो पूर पाहिलेली माणसं घराघरांत होती, आणि ज्याचा त्याचा अंदाज वेगळा. एकजण म्हणे, त्या वेळी आपल्या गल्लीत तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. दुसऱ्याच्या आठवणीत उंबऱ्याला लागलं होतं. तिसरा म्हणे, आत शिरलं होतं पण खाटेच्या खालीच होतं. चौदा वर्षांत आठवण अशीच होते, त्यात कोणाचा दोष नाही. लोकांनी आपापल्या आठवणीतल्या रेषेच्या वर सामान चढवलं. कोणी टेबलावर, कोणी कपाटावर, कोणी माळ्यावर. आणि २०१९ चं पाणी ५७ फुटांच्याही पुढं गेलं. २००५ ची रेष बरोबर आठवणाऱ्यांचंही सामान बुडालं, हे खरंच. पण आमच्या मागच्या गल्लीत एक जुनं घर आहे. तिथल्या आजोबांनी २००५ साली पाणी ओसरल्यावर ओल्या भिंतीवर खिळ्यानं रेघ ओढून शेजारी तारीख कोरली होती आणि वहीत त्या दिवसाचा आयर्विनचा आकडा लिहून ठेवला होता. त्यांच्या सुनेनं २०१९ ला रेडिओवर आकडा ऐकला, वही काढली, वजाबाकी केली आणि सासूबाईंना घेऊन रस्ता चालू असतानाच उंचावरच्या विश्रामबागेकडं नातेवाइकांकडं गेली. गल्लीतल्या बाकीच्यांना नंतर बोटीतून काढावं लागलं.

आजोबांनी वहीत लिहिलं होतं ते साधारण असं: तारीख, वार, पाणी अंगणात किती वाजता आलं, आत किती वाजता, कुठवर चढलं, कधी उतरलं, गाळ किती, कोणत्या दुकानात मेणबत्त्या मिळाल्या. कुठं उपमा नाही, विशेषण नाही. मी ती पानं उभ्यानंच वाचून काढली आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. लिहिणाऱ्या माणसाला आपल्या लिखाणाचा उपयोग कोणाला, कधी होईल ते कळत नाही. पण तारीख आणि ठिकाण नसेल तर तो होण्याची वाटच बंद होते. "परवा आमच्याकडं खूप पाऊस झाला" हे वाक्य दोन वर्षांनी कोणाच्याही कामाचं राहत नाही, लिहिणाऱ्याच्यासुद्धा. "२३ जुलै २०२१, गावभाग, सकाळी सातला पाणी मारुतीच्या पायरीला" असं लिहा, मग खाली भीतीबद्दल, देवाबद्दल, सरकारबद्दल काय वाटतं ते हवं तेवढं लिहा. वरच्या एका ओळीनं खालच्या सगळ्याला जमीन मिळते.

याच्याच जोडीला दुसरी सवय हवी. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची सरमिसळ करू नये. हरिपूरची पेवं घ्या. जमिनीत खोदलेली हळदीची कोठारं ती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, हळद भरून वरून बंद केलं की वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी निकामी झाली, म्हणजे पेवात उतरलेली माणसं आता वयस्क आहेत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, हवा खेळू द्यायची, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही, आणि मी लिहिते तेव्हा तसंच लिहिते. कोणी सांगितलं, त्यांनी स्वतः केलं होतं की त्यांच्या वडिलांनी, हेही लिहिते. दोघांचं सांगणं वेगळं पडलं तर दोन्ही लिहावं. आपण निवाडा करायला बसलेलो नाही. उलट दोन सांगणी शेजारी ठेवली की वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी तिसरं आणून देतो, आणि त्यातलंच एखादं खरं निघतं.

कृपा करून म्हाताऱ्या माणसांकडं जाताना प्रश्नांची यादी नेऊ नका. "तुमच्या काळाबद्दल सांगा" असं म्हटलं की माणूस सुविचार सांगायला लागतो. हातातली वस्तू दाखवा, किंवा एखाद्या कामाबद्दल विचारा. "कंदिलाची दोरी किती लांब असायची?" असं विचारलंत तर दोरीच्या मागोमाग सगळं पेव वर येतं.

भाषेविषयी थोडं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं मराठी रंगभूमीची सुरुवात केली, त्या दिवसाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. त्याचा मला फार अभिमान आहे. पण आपल्याकडच्या नव्या लिखाणात स्टेजवरचा आवाज पटकन येतो, हेही मी बघते. "हे कृष्णामाई, तू किती रूपं दाखवलीस" अशी हाक घालून लेख सुरू होतो आणि पुढं लिहिणारा माणूस सापडतच नाही. एक साधा उपाय मी सगळ्यांना सांगते. लिहिलेलं घरात कोणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा. जिथं वाचताना तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल, जिथं आवाज आपोआप चढेल, तिथं खूण करा. तेवढं वाक्य आपण बोलू तसं पुन्हा लिहा.

आणि आपली बोली ठेवा. "आमच्यात", "यायलाय", "बघूया की" हे आपल्या तोंडातलं आहे, ते कागदावर आलं तर बिघडत नाही. फक्त एक पथ्य पाळा. लेखातली शिकलेली माणसं पुस्तकी बोलतात आणि मोलकरीण, गडी, आजी एवढेच बोलीत बोलतात, असं लिहिलेलं मी जेव्हा वाचते तेव्हा मला वाईट वाटतं. बोली काय फक्त गरिबांनी बोलायची? प्राध्यापकही घरी गेल्यावर "काय करायलायस?" असंच विचारतात. तसं लिहा.

"माझं शिक्षण कमी आहे, मी कसं लिहू?" असं विचारणाऱ्यांना मी वाटेगावला जाऊन या म्हणते. अण्णाभाऊ साठे तिथले, जन्म १ ऑगस्ट १९२०चा. शाळेत जवळपास गेलेच नाहीत. यापुढं मला काही बोलावं लागत नाही.

आता अवघड भाग. आपण आपल्याबद्दल लिहितो तेव्हा दुसऱ्यांबद्दलही लिहीत असतो. मोठ्या शहरात "आमच्या शेजारच्या काकू" म्हटलं तर कोण काकू ते कोणाला कळणार नाही. इथं नाव न लिहिताही अख्ख्या गल्लीला कळतं. त्या काकूंची मुलगी माहेरी का आली, कोणाच्या घरात वाटणीवरून बोलणं बंद आहे, कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलंय, कोणाचा रिपोर्ट काय आला, हे तुमच्या कानावर आलं म्हणून ते तुमचं होत नाही. मी सरळ नियम सांगते: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर लेख बाजूला ठेवा, भले तो तुमचा सगळ्यात चांगला लेख असो. विचारणं शक्यच नसेल आणि गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नसेल, तर नुसतं नाव बदलून भागत नाही. गल्ली बदला, धंदा बदला, नातं बदला, आणि तरीही एकदा स्वतःला विचारा की त्या घरातल्या माणसाला हे वाचून उद्या बाजारात मान खाली घालावी लागेल का. लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. मुलाचं अंथरूण ओलं करणं, परीक्षेतलं अपयश, त्याचं रडणं हे आईबापांनी कौतुकानं लिहावं आणि तेच त्यानं सोळाव्या वर्षी वर्गमित्रांकडून ऐकावं, हे मला सहन होत नाही.

रागाचंही असंच. राग आला की जरूर लिहा, तेव्हा शब्द चांगले धावतात. पण त्याच रात्री लोकांपुढं ठेवू नका. चार दिवसांनी वाचा. जेवढं तेव्हाही खरं वाटेल तेवढं राहू द्या.

वाचक किती मिळतील, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायला संकोच वाटतो. थोडे मिळतील. सुरुवातीला बहीण, एखादा मित्र, आणि "छान" असं एका शब्दात कळवणारे मामा. मामांवर रागावू नका. पण थोड्यांमधला एखादा वाचक असा असतो, जो आयुष्यभर पुरतो. बेदाण्याचा तो लेख तिनं शेवटी लिहिला, आणि त्यावर पहिलं लांबलचक उत्तर आलं ते बेंगळुरूत राहणाऱ्या एका गृहस्थांचं. ते मूळचे सावळजकडचे, बाग विकून घर सोडलेलं. त्यांनी तिला लिहिलं की धुरीचा वास त्यांना पानातून आला. शिवाय डिपिंग ऑइलच्या आधीच्या काळात त्यांच्या घरी माल कसा वाळवत, तेही सविस्तर कळवलं. तिला नवा लेख मिळाला, त्यांना ऐकणारं माणूस. अशा वाचकाला दोन ओळींत का होईना, उत्तर द्यावं. आणि कोणी चूक दाखवली तर ती गुपचूप पुसू नये. दुरुस्ती करून खाली लिहावं, अमुक तारखेला दुरुस्त केलं, अमुक वाचकानं कळवलं म्हणून. यानं लिहिणाऱ्याची किंमत वाढते असा माझा अनुभव आहे.

नियमितपणाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की लेख नियमित नसला तरी टिपण नियमित असावं. खिशातली वही, फोनमधली नोंद, काहीही. रोज एक ओळ पुरते. आज मार्केट यार्डात हळदीचा सौदा कसा निघाला, माई घाटावर पाणी कुठं होतं, कोण कोणाला काय म्हणालं. अशा ओळी महिनाभर साठल्या की त्यातली एक उठून लेख मागते. ती मागेपर्यंत थांबावं. फोनला बोलून टाइप करायची सोय आता सगळेच वापरतात, मीही वापरते, हात दुखत नाहीत. पण आकडे आणि गावांची नावं तो हमखास चुकवतो, तेवढी डोळ्यांनी तपासा.

राहिली एक गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही. लिहिलेल्याची प्रत ठेवा. २०१९ ला राजवाडा चौकातल्या आपल्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यातली काही तर दुसरीकडं मिळणंच अवघड. घराघरांतून लग्नांचे अल्बम, पत्रं, दाखले, रोजनिश्या गाळासकट बाहेर टाकाव्या लागल्या. फोन हरवतो, पासवर्ड विसरतो, ज्या ठिकाणी लिहून ठेवलं ती सोय एक दिवस कंपनी बंद करते. त्यामुळं वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत म्हणा, सगळे लेख कागदावर छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून मिळतं, फार खर्च येत नाही. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडं. घरातली ठेवताना ती वरच्या मजल्यावर ठेवा, आणि वरचा मजला नसेल तर विश्रामबागेच्या बाजूला कोणी ओळखीचं आहे का बघा.